ठाऊक नसलेलं पान

या, असे जवळ येऊन बसा. मागे भिंतीला टेकलात तर निम्मी गोष्ट पंख्याचा आवाजच गिळून टाकेल. गोष्ट लहान आहे. दोन बहिणी, एक पुस्तक आणि पाच दिवस. राजा नाही, राक्षस नाही, कुणी मरतही नाही. पण ऐकून उठाल तेव्हा छापलेल्या कागदाकडे बघायची तुमची नजर थोडी हललेली असेल, एवढा शब्द देता येतो. बाकी वदवून घेणारा वर बसलाच आहे.

तर एका रविवारी दुपारी धाकटी ओले हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वय चोपन्न, केस निम्मे पांढरे, छापखान्यात तिच्या भुवया वर गेल्या की माणसं बोलणं थांबवत. पण घरात ती धाकटी ती धाकटीच. पुस्तकाची पानं रचायची हे तिचं काम. कुठलं अक्षर, केवढं, ओळ किती लांब, दोन ओळींत मोकळं किती, कडेला कोरं किती. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी ताई मोठ्याने वाचत बसली होती, आणि वाचत होती ते धाकटीनेच रचलेलं पुस्तक. मजकूर बाबांचा. बाबा प्रार्थनाघरात गाऊन प्रवचनं सांगत. चार ओळी गाणं, मग गोष्ट, मग पुन्हा त्याच ओळी, पण आता त्यांचा अर्थ बदललेला. ते गेल्यावर ताईने आठवून आठवून चाळीस प्रवचनं वह्यांत उतरवली होती. त्या वह्यांचं पुस्तक करायला धाकटीला तीन वर्षं लागली. येत्या शुक्रवारी ते यंत्रावर चढणार होतं आणि काल बांधणीवाल्याने नमुन्याची एक प्रत पाठवली होती.

ताईने पंचेचाळिसावं पान संपवलं, उलटलं, आणि आवाज पुढे चालू राहिला. गोष्टीतला नावाडी पैलतीराला पोचला होता. धाकटी ऐकत होती, आणि ऐकता ऐकता सवयीने तिची नजर पुस्तकाच्या कडेवरून फिरली. तिथे काहीतरी जाड होतं. नमुन्याच्या प्रतीत कधी कधी एखाद्या घडीची कड कापायची राहून जाते; दोन पानं बाहेरच्या बाजूला जोडलेलीच राहतात, पाकिटासारखी, आणि त्या पाकिटाच्या आतला मजकूर सुरी घालून फाडेपर्यंत कुणाला दिसत नाही. पहिला विचार धंद्याचा आला: बांधणीवाल्याला फोन करायला हवा. दुसरा विचार यायला वेळ लागला, आणि तो विचार म्हणून आलाच नाही, ओल्या बोटांना गार वारा लागावा तसा आला. सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस आत बंद होते. ताईच्या डोळ्यांसमोर अठ्ठेचाळिसावं पान होतं. आणि ताई सेहेचाळिसावं वाचत होती. शब्दन् शब्द, स्वल्पविरामाला थांबत, बाबा जिथे आवाज खाली आणायचे तिथे खाली आणत, डोळे पानावर ठेवून, जे पानावर नव्हतंच ते ती वाचत होती. मग योग्य तेवढा वेळ गेल्यावर तिने अंदाजाने पान उलटलं.

"फार सुरेख झालंय गं," पुस्तक मिटून ताई म्हणाली. "हातात धरलं की गुळगुळीत लागतं."

धाकटी "हो" म्हणाली आणि आत जाऊन उरलेली भांडी पुन्हा घासायला लागली, घासलेलीसुद्धा. नळाचं पाणी पडत राहिलं. अकरा वर्षांनी मोठी ही बहीण. आई लवकर गेली तेव्हा धाकटीच्या वाट्याला आईऐवजी ताईचा आवाज आला. खाटेवर भिंतीकडची जागा धाकटीची, दिव्याकडची ताईची, मधे पुस्तक, आणि ओळीखालून सरकणारं ताईचं बोट, नखाजवळ शाईचा डाग असलेलं. धाकटीला अक्षरं आधी ऐकू आली, मग दिसली. 'ह'च्या पोटात कुणीतरी गुडघे जवळ घेऊन झोपलंय असं तिला वाटायचं. 'ठ' म्हणजे दार बंद केलेलं घर. आपण आयुष्यभर अक्षरांच्या घरांत हिंडलो ते त्या बोटाच्या मागून, हे ती मुलाखत घेणाऱ्यांना सांगायची, आणि सांगताना तिचे स्वतःचे डोळे पाणावायचे. आणि त्या बोटाला आता ओळ सापडत नव्हती, आणि हे आपल्याला एका न कापलेल्या घडीने सांगितलं. पाठ फिरवून उभ्या असलेल्या वर्षभरातल्या गोष्टी एकेक करून तोंड वळवून बघायला लागल्या. बसथांब्यावर "नंबर बघ गं, चष्मा घरी राहिला." औषधाच्या बाटलीला बांधलेला लाल दोरा. वर्तमानपत्र बंद केलं तेव्हा "सगळी भांडणंच असतात त्यात." दुकानात वस्तू हुंगून घेणं, ज्यावर धाकटी हसली होती. हसली होती!

संध्याकाळी तिने घरपट्टीची नोटीस ताईपुढे सरकवली. "काय म्हणतायत बघ गं."

"तूच बघ. सरकारी भाषा मला कळत नाही."

"ताई, दुपारी तू वाचत नव्हतीस."

"मग काय पोहत होते?"

"दोन पानं चिकटलेली आहेत. आतलं तू वाचलंस. न उघडता."

ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, घातला, पुन्हा काढला. खिडकीखाली कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "पाठ आहे मला," ती म्हणाली. "माझ्याच हाताने लिहिलंय. पाठ असणं गुन्हा आहे का?"

"केव्हापासून दिसत नाही?"

"दिसतं की. तू दिसतेस. तुझं नाक फुगलंय ते दिसतं. मधेच धुरकट होतं, बाकी सगळं दिसतं."

"चष्म्याच्या दुकानात तर गेलो होतो आपण. तू फळ्यावरची सगळी अक्षरं घडाघडा वाचलीस."

ताई लहान मुलीसारखी हसली. "माझ्या आधीचा माणूस केवढ्याने ओरडून वाचत होता गं. दोनदा वाचायला लावलं त्याला. पाठ झालं मला."

धाकटीला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू. "आणि माझं पुस्तक? त्यातलं काही दिसलं?"

"खरं सांगू? रागावणार नसशील तर. मुंग्यांची रांग एवढ्या शिस्तीत चाललेली मी पाहिली नव्हती. पण त्या मुंग्या. मुंगळे असते तर निदान पाय तरी ओळखले असते."

"मग बोलली का नाहीस? तीन वर्षं!"

"म्हणूनच." ताईने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तीन वर्षं कमरेत वाकून बसलीस. आणि दुसरं म्हणजे, तुला वाचून दाखवायचं काम माझं. प्रार्थनाघरात गुरुवारी सगळ्यांना वाचून दाखवते तेही मीच. उद्या तू मला वाचून दाखवायला लागलीस, तर ह्या घरात मी कोण? कोपऱ्यातली खुर्ची?"

धाकटीने पुस्तक उचललं आणि आपल्या कामाच्या खोलीत नेलं. छापखान्यात पहिल्यांदा कामाला लागली तेव्हा जुळणीवाल्या मास्तरांनी तिला शिकवलं होतं की पान आधी उलटं धरायचं, डोकं खाली पाय वर, म्हणजे शब्द वाचता येत नाहीत आणि नुसता रंग दिसतो. तो रंग सगळीकडे सारखा हवा, पावसाळी आभाळासारखा, कुठे काळा डाग नको, कुठे पांढरं भोक नको. ती तीस वर्षं पानं उलटी धरत आली. हे पुस्तकही तिने उलटं धरून पारखलं होतं. बारीक रेघांचं नाजूक अक्षर, काळी नव्हे, करडी शाई, सायीच्या रंगाचा कागद, दोन्ही कडा आखल्यासारख्या सरळ. एका सोहळ्यात एक चित्रकार म्हणाला होता, तुमची पानं कुजबुजतात. तेव्हा किती बरं वाटलं होतं. आता तिने पुस्तक सुलट धरलं, डोळे अर्धवट मिटले, आणि मधला भाग धुरकट आहे असं मनाशी धरून बघायचा प्रयत्न केला. काही जमेना. तिचे डोळे अक्षरांवरून न थांबता घसरत पुढे जात होते, कारण पुढे काय आहे ते तिलाही ठाऊक होतं. नावाडी वल्हं मारणार, विधवा बाई उतरायला नकार देणार. बाबांचा आवाज आधी यायचा, अक्षर मागून धापा टाकत. तीन वर्षं आपण वाचलंच नाही, तिच्या लक्षात आलं. जो मजकूर आपल्याला झोपेतही म्हणता येतो त्यावर आपण अक्षर पारखत बसलो. ताई एकटीच सोंग करत नव्हती. ती खुर्चीत खाली बसली आणि तिला घराण्याचीच लाज वाटली, आणि मग का कोण जाणे, हलकंही वाटलं.

सोमवारी तिने छापखान्याच्या फोरमनला फोन केला. त्याला सगळे शाईकाका म्हणत, कारण त्याच्या अंगठ्याचा रंग लग्नाच्या फोटोतही निळाच होता.

"थांबवू?" शाईकाका ओरडला. "बाई, ह्या पुस्तकासाठी तुम्ही माझा जीव काढलात! एका वेलांटीसाठी तुम्ही मला भर उन्हात परत बोलावलं होतं!"

"ती वेलांटी चुकीचीच होती. पण आता सगळंच चुकलंय."

"काय चुकलंय? एवढं देखणं पुस्तक आमच्याकडून दहा वर्षांत गेलं नाही."

"माझ्या बहिणीला वाचता येत नाही ते, काका. आणि ज्यांच्यासाठी काढतोय ते सगळे तिच्याच वयाचे. तुमच्याही."

पलीकडे क्षणभर नुसती यंत्राची धडधड. "मलाही नाही वाचता आलं," शाईकाका हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं, आपल्याला काय कळतंय. भारी असेल काहीतरी. पण शुक्रवार सकाळ सुटली तर शाळेची पुस्तकं लागतात, मग अडीच महिने यंत्र मोकळं नाही. गुरुवारी दुपारी पानं आणाल तर मी उभा आहे."

अडीच महिने. धाकटीने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे मंगळवारची वेळ घेतली, आणि इथे फळ्यावरची अक्षरं कुणी ओरडून वाचणारं नव्हतं. अंधाऱ्या खोलीत प्रकाशाची बारीक सळई ताईच्या डोळ्यात शिरली आणि निघाली. मधलं दिसणं झिजलंय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कडेचं शाबूत आहे. चष्मा वाढवून काही होणार नाही. हळूहळू झिजत जाईल, किती हळू ते सांगता येत नाही. पण मान थोडी वळवून, कडेच्या नजरेने, अक्षर ठळक आणि सुटं मिळालं तर वाचतील. "किती वाचतील?" धाकटीने विचारलं. "ते त्यांना विचारा, मला नका विचारू." रस्त्यावर आल्यावर ताई म्हणाली, "बाई चांगली आहे. कबुतरासारखं बघायला सांगितलंय." आणि मान वाकडी करून तिने समोरची पाटी बघितली, पण काय लिहिलंय ते बोलली नाही. धाकटीने मनात शुक्रवारपर्यंतचे दिवस मोजले. अडीच महिन्यांनी ह्या कडाही उरल्या नसल्या तर? कुठल्याही दिवशी कुठलीही कड कमी होणार, आणि आपण पानाचा रंग बघत बसणार.

मंगळवारी संध्याकाळपासून नव्या रचनेची कच्ची पानं निघायला लागली. जाड रेघांचं अक्षर, पोटं उघडी, म्हणजे शाई पसरली तरी 'घ' आणि 'ध' एकमेकांची सोंगं घेणार नाहीत. शाई निखळ काळी. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना लाथा मारत होते, त्यांच्यात अंतर. प्रत्येक पान ती ताईपुढे धरायची आणि ताई मान कबुतरासारखी करून नदीसारखी वाहायला लागायची. नावाडी, पैलतीर, विधवा बाई. "उत्तम आहे. हे पाठव." दुसरं पान. "हेही उत्तम." तिसऱ्या पानावर धाकटीने मुद्दाम अक्षर मुंगीएवढं ठेवलं होतं. "हे तर फारच छान," ताई म्हणाली आणि धडाधड म्हणून मोकळी झाली.

"ताई, तू मला फसवतेयस."

"मी नाही गं. तोंडच थांबत नाही. पहिला शब्द दिसला की पुढचं आपोआप येतं. दिसतंय की आठवतंय, माझं मलाच कळत नाही."

वर्तमानपत्रातला तुकडा घेता आला असता. घेतलाही. दुसऱ्या ओळीला ताईने कागद खाली ठेवला, "यात मला गोडी नाही." गोडी नाही की दिसत नाही? कसं कळावं? बुधवारी दुपारी धाकटी संगणकासमोर बसली, बोटं कळांवर, आणि घरात असलेलं सगळं तिने मनातल्या मनात चाळलं: बाबांची प्रवचनं, आईची दोन पत्रं, शाळेतल्या कविता, स्तोत्रं. जे जे छापायच्या लायकीचं ते ते सगळं ताईला पाठ. ताईला ठाऊक नाही आणि तरी ताई शेवटपर्यंत वाचल्याशिवाय सोडणार नाही असं काय आहे? आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुराला कपडे शिवले, स्वतःची एक ओळ कधी लिहिली नव्हती. खिडकीतून येणारं ऊन टेबलावरून हातभर सरकलं. मग पन्नास वर्षांत कुणापाशी न बोललेली एक गोष्ट तिला आठवली, आणि आठवल्याबरोबर कानशिलं गरम झाली. तिने एका दमात बारा ओळी लिहिल्या. देव माणसाच्या हातून काय केव्हा काढून घेईल, नेम नाही.

पहिल्यांदा अक्षर तिने हौसेने बोटभर उंच केलं. संध्याकाळी ताईने कागद घेतला. मान वळवली. थांबली. "मी," ती म्हणाली. मग "मी पा..." कागद डावीकडे सरकवला, उजवीकडे. ओठ हलले आणि मिटले. एका वेळी एकच अक्षर नजरेत मावत होतं, शब्द हाताला लागेपर्यंत त्याचं टोक सुटायचं. आवाज आला नाही. रविवारपासून पुरासारखा वाहणारा आवाज आलाच नाही. कागद मांडीवर पडला. "नाही जमत गं," ताई म्हणाली, आणि हे वाक्य तिने असं साधं कधीच म्हटलं नव्हतं. "सोड आता. शुक्रवारी आहे तेच जाऊ दे. देखणं आहे ते. माझं माझ्यापाशी पाठ आहे."

धाकटीने त्या रात्री उशीवर डोकं टेकलं तेव्हा काहीच ठरवलं नाही. सकाळी मात्र दात घासताना तिला वाटलं की आपण पुन्हा तेच केलं. आधी कुजबुजलो, आता ओरडतोय, आणि दोन्ही वेळा समोरच्याला विचारलं नाही. ती तशीच तोंड न पुसता ताईच्या खोलीत गेली. "ऊठ. माझ्याबरोबर संगणकापाशी बस."

"मी काय करू तिथे?"

"मी अक्षर लहान करत जाते. एकदम दोन-तीन अक्षरं मावली की सांग. मजकूर नाही दाखवणार. नुसती सुटी अक्षरं."

दोघी तासभर बसल्या. "मोठं आहे. अजून मोठं आहे. हां, आता मावतंय. अगं, ते पाय कशाला इतके बारीक? जरा दणकट कर." ओळींचं ताई म्हणाली, "एक संपली की दुसरी हरवते. मधे वाट ठेव ना, माणसाला चालायला." उजवी कड सरळ करायला शब्दांमधली अंतरं कमीजास्त होत होती, ती ताईला खड्ड्यांसारखी लागायची, धाकटीने श्वास रोखून उजवी कड सोडून दिली. ओळी वाकड्यातिकड्या संपल्या, तुटलेल्या कुंपणासारख्या. सवयीने तिने पान उलटं धरलं. भयंकर दिसत होतं. तिने ते सुलट केलं आणि त्या बारा ओळी त्यात ओतल्या, छापल्या, आणि ताईच्या हातात दिल्या. घड्याळात अकरा वाजले होते.

ताईने मान वळवली. बोट पहिल्या ओळीखाली आलं.

"मी... पाच... वर्षांची अस... असतानाच..." बोट थांबलं, मागे गेलं. "असतानाच मला वा... वाचता येऊ... येऊ लागलं."

धाकटी हलली नाही. आयुष्यभर तिचं काम असं की वाचणारा कुठे अडखळू नये. आणि आता प्रत्येक अडखळणं तिला अंगावर थेंब पडावा तसं लागत होतं. अडखळतेय म्हणजे दिसतंय. अडखळतेय म्हणजे तिथे पोचलीय.

"मी ते... कुणाला... सांगितलं नाही. रात्री खाटेवर... भिंतीकडे मी... दिव्याकडे तू... तुझं बोट फिरायचं... त्याच्या आधीच... मी ओळ... वाचून मोकळी... झालेली असायचे." ताईचा श्वास जोरात चालला होता. "दोन वर्षं... मला येत नाही असं... दाखवलं. येतं... म्हटलं असतं तर... तू वाचून..." ती थांबली. ह्या वेळी शब्द दिसत नव्हता म्हणून नव्हे. मग एकेक शब्द पायरीसारखा उतरत ती शेवटाला आली. "...तू वाचून दाखवायचं थांबवलं असतंस."

ताईने बोट कागदावरून उचललं आणि धाकटीवर रोखलं.

"लबाड!" ताई म्हणाली. "मेली लबाड! माझा घसा बसायचा! तापातसुद्धा वाचलंय मी तुला! बाबांना म्हणायचे, ही पोर मागे पडतेय, हिचं कसं होणार!"

"हो."

"आणि तू डोळे मोठे करून 'ताई, हे कुठलं अक्षर' विचारायचीस?"

"हो."

ताई हसत होती की रडत होती, ते धाकटीला नीट दिसेना, कारण आता मधलं सगळं तिलाच धुरकट झालं होतं. "पुढचं पान कुठाय?" ताईने हात पुढे केला.

"पुढचं नाही. एवढंच लिहिलंय."

"मग लिही की! असं मधेच सोडतात का? आणि काय गं, ह्या तिसऱ्या ओळीत खोटं आहे. खाटेवर दिव्याकडची जागा तुझी होती, भिंतीकडची माझी."

"तुला तिसरी ओळ दिसतेय?"

"दिसतेय म्हणूनच तर सांगतेय!"

सगळं पुस्तक त्याच मापात ओतून दुपारी धाकटी पानं घेऊन छापखान्यात पोचली. पुस्तक एकशेसाठवरून दोनशेचाळीस पानांवर गेलं होतं, उजव्या कडा वाकड्या, देखणेपणात दहा जणांत मान खाली जाईल असं. शाईकाकाने पहिलं पान डोळ्यांपासून हातभर लांब धरलं, आणि यंत्राच्या त्या धडधडीत, पोरं बघत असताना, मोठ्याने वाचायला लागला. त्याला पाठ नव्हतं. तो चांगला सावकाश वाचत होता.

संपली गोष्ट. आता उठण्याआधी एक मागणं आहे, मान्य करा. तुमच्या घरात, शेजारात कुणीतरी पुस्तक उघडं धरून बसलेलं असेल, आवाज छान लागला असेल, पान वेळेवर उलटत असेल. त्यांच्याजवळ जाऊन बसा, आणि त्यांना ठाऊक नसलेलं काहीतरी मोठ्या, काळ्या, सुट्या अक्षरात लिहून द्या. आणि ते अडखळत वाचू लागले की घाई करू नका. त्या वेळी आमच्या ताईची आठवण काढा, जी त्या गुरुवारी पासष्टाव्या वर्षी कितीतरी महिन्यांनी न ठाऊक असलेली ओळ बोटाने चालत गेली आणि पुढचं पान मागून बसली.